परसदार

दिवाळीच्या फराळात लाडू नको म्हणणारा माणूस मला कधी आवडला नाही. अशा माणसाच्या मनात काहीतरी काळेबेरे असावे, अशी माझी जुनी समजूत होती. दोन वर्षांपूर्वी एका तीन वर्षांच्या मुलीने ती मोडली.

भाऊबीजेला अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. तिची नात, आमची छकुली, भिंतीला टेकून बसली होती. मी रव्याच्या लाडवाचा तुकडा तिच्या ओठांपर्यंत नेला, तोच सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने माझा हात धरला.

"मामा, नको! तिला साखर चालत नाही."

अक्का फणकारली, "बघितलंस? सणासुदीला पोरीच्या तोंडचा घास काढते. हिच्या माहेरचंच काहीतरी आलंय पोरीत. आमच्याकडे असलं कधी नव्हतं."

सूनबाई गप्प राहिली. मीही गप्प राहिलो. तो तुकडा मी माझ्या तोंडात टाकला. पण तो गोड लागला नाही.

छकुलीने मान उशिरा धरली, बसायलाही ती उशिराच लागली. साध्या तापाने मलूल होई, धापा टाकू लागे. रक्तात लॅक्टिक आम्ल फार वाढलेले आढळले, पुढे जनुकांची तपासणी झाली आणि कागदावर नाव उमटले: पायरुव्हेट डिहायड्रोजनेज कॉम्प्लेक्सची कमतरता. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. लांबलचक समास सोडवण्यात जन्म गेला, तरी हे नाव काही जिभेला पेलेना. पण माझे ते गप्प राहणे मला झोपू देईना. सूनबाईकडून फाइल मागून घेतली आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना आठवडाभर छळले.

मला उमगले ते असे. पेशी म्हणजे एक वाडा. आपण खाल्लेली साखर त्याच्या अंगणात फोडली जाते. तिच्या प्रत्येक कणाच्या दोन ढलप्या होतात. त्यांचे नाव पायरुव्हेट. थोडी ऊब अंगणातही मिळते. पण खरी चूल आत, मायटोकाँड्रिया नावाच्या स्वयंपाकघरात. तिथल्या दाराशी बसलेली मंडळी म्हणजे हे कॉम्प्लेक्स. ढलपी त्यांच्या हातांखालून गेल्याशिवाय चुलीत पडत नाही.

मंडळीही थोडीथोडकी नव्हेत. मध्ये साठ भागांचा गाभा आणि भोवती दाटीवाटीने बसलेले कामकरी. विहिरीवरून हातोहात घागरी पोचवाव्यात तसे त्यांचे काम चालते. पहिला ढलपीचा एक कार्बन काढून टाकतो. तो आपल्या उच्छ्वासातून बाहेर जातो. या कामी त्याला ब-१ जीवनसत्त्व लागते. तांदूळ फार सडला की कोंड्याबरोबर निघून जाते, तेच हे. दुसऱ्याला एक लांब झुलता हात आहे. त्या हाताने तो उरलेला तुकडा उचलतो आणि पुढच्याच्या ओंजळीत टाकतो. तिसरा तो हात पुन्हा कामाजोगा करून ठेवतो. हाताच्या टोकाशी लायपोइक आम्ल असते. १९५१ साली टेक्सास विद्यापीठात लेस्टर रीड यांनी ते स्फटिकरूपात मिळवले. त्यासाठी सुमारे दहा टन यकृताचा चोथा लागला आणि हाती आले अवघे तीस मिलिग्रॅम! या दाराला अडसरही आहे. चुलीपाशी जळण पुरेसे झाले की एक विकर फॉस्फेटचा अडसर घालतो. गरज पडली की दुसरा तो काढतो. हेही रीड यांच्याच प्रयोगशाळेतून १९६९ साली उजेडात आले.

छकुलीच्या वाड्यात पहिल्या कामकऱ्याचीच घडण चुकली आहे. ढलप्यांचा ढीग अंगणात साचतो, त्याचे लॅक्टिक आम्ल होते आणि आत चूल मिणमिणत राहते. मेंदू एरवी साखरेवरच चालणारा, म्हणून सर्वांत जास्त झळ त्याला. आपण जिला खाऊ म्हणतो ती साखर तिच्या अंगणातली अडगळच वाढवते.

पण वाड्याला परसदार असते. तूप, लोणी, खोबरेल यांना पुढच्या दारातून यावे लागत नाही. ती मागच्या दाराने थेट चुलीपाशी पोचतात. त्यांच्यापासून यकृत कीटोन बनवते आणि ते मेंदूलाही चालतात. म्हणून डॉक्टरांनी छकुलीला स्निग्ध आहार लावून दिला आहे. हा आहार आपल्या मनाने करायचा नसतो. प्रत्येक घास काट्यावर तोलून द्यावा लागतो. काही मुलांना ब-१ची मोठी मात्रा मानवते, काहींना नाही. आजार मुळातून जात नाही. काही बाळे तर पहिला वाढदिवसही पाहत नाहीत.

फाइलीतला शेवटचा कागद आईबापांच्या तपासणीचा होता. छकुलीचा दोष एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात होता. आईमध्ये तो नव्हता, बापामध्येही नव्हता. तो नव्यानेच घडला होता. या आजारात पुष्कळदा असेच होते. सूनबाईने हे घरात सांगितलेही होते. पण सुनेच्या तोंडून ऐकून घेईल ती सासू कसली?

दुसऱ्या रविवारी मी तो कागद घेऊन अक्कासमोर बसलो. म्हणालो, "अक्का, पोथी शुद्ध असली तरी नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. म्हणून कोणी पोथीला दोष देतं का? आणि तुझी सून दिवसातून चार वेळा ते चुकलेलं अक्षर सावरून वाचते आहे."

अक्का काही बोलली नाही. उठून आत गेली. मला वाटले, रागावली.

गेल्या दिवाळीला पुन्हा गेलो. छकुली आता धरून चार पावले टाकते. अक्का पहाटेच ताक घुसळून बसली होती. लोण्याचा एवढासा गोळा तिने काट्यावर ठेवला, डोळे बारीक केले आणि आत हाक मारली, "अगं मुली, आकडा वाच बाई. मला मेलीला दिसत नाही."

सूनबाईने आकडा वाचला. अक्काने बोटाच्या टोकाने कणभर लोणी काढले आणि तो गोळा छकुलीच्या चांदीच्या वाटीत ठेवला.

मी लाडू मागून घेतला. या खेपेला तो गोड लागला.