डोळ्याचा डॉक्टर लघवी तपासायला का सांगतो?

माणूस डोळे दाखवायला जावा आणि डॉक्टरांनी त्याला लघवी तपासून आणायला सांगावी, तर तुम्हाला कसे वाटेल? आमच्या घरी दोन दिवस हाच विनोद चालला होता. पोरे तर म्हणाली, आता दात दुखला की पाय दाखवायचा!

मी चोपडा तालुक्यातली. घरी कापूस, थोडी केळी आणि दोन म्हशी. माझे जेठ, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांना मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. गोळी चुकवत नाहीत. चहा बिनसाखरेचा. पण तपासणी म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी रक्तातली साखर, एवढेच आम्हाला ठाऊक. गेल्या वर्षी आखाजी झाल्यावर पासबुकातले आकडे नीट लागेनात, म्हणून चष्म्याचा नंबर काढायला ते जळगावला गेले. डॉक्टरांनी थेंब घातले, अर्धा-पाऊण तास बसवून ठेवले आणि मग उजेड पाडून बराच वेळ आत पाहिले. म्हणाले, "डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत. नजरेला अजून धक्का नाही. पण लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन याच आठवड्यात तपासा, बीपीही मोजून घ्या."

"मना डोया चांगला शेतस," आप्पा घरी येऊन सांगत होते. मोठ्या जाऊबाईंनी मात्र खरा प्रश्न विचारला. डोळा वर, किडनी खाली पाठीत. या दोघांचा संबंध काय?

तो संबंध मी माझ्या परीने समजून घेतला. आता ओट्यावरच्या बायकाही मला तेच विचारतात, तेव्हा तुम्हालाही सांगते.

आपल्याकडे ठिबक घरोघरी आहे, म्हणून सोपे जाईल. खारट, गढूळ पाणी वर्षानुवर्षे सोडले तर आधी काय बिघडते? मोठा पाइप नव्हे. शेवटच्या बारीक नळ्या आणि त्यांची तोंडे. शरीरातही तसेच आहे. रक्तात साखर जास्त राहिली की सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती आधी कमकुवत होतात, कुठे बुजतात, कुठे झिरपू लागतात. अशा केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे डोळ्याच्या पडद्यात आहे आणि किडनीतही आहे. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे या वाहिन्यांचा एक गुंता. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, त्यातले दीड-दोन लिटर लघवीवाटे जाते, बाकीचे परत रक्तात घेतात. एवढे काम ज्या भिंतींवर, त्या भिंतीच झिरपू लागल्या तर रक्तातले मोलाचे प्रथिन लघवीतून वाहून जाते. डोळ्यात तीच गळती रक्ताच्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. त्यात बीपी वाढलेले असले तर झालेच. कमकुवत नळीत मोटारीचा दाब वाढवल्यासारखे होते.

म्हणजे पाणी एकच, शेताचे कोपरे दोन. फरक एवढाच की एक कोपरा दिसतो आणि दुसरा दिसत नाही. अंगावर कुठेही न कापता, न टोचता रक्तवाहिन्या उघड्या पाहता येतात अशी शरीरात एकच जागा आहे, ती म्हणजे डोळ्याचा पडदा. तिथे पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली केले. मधुमेहाने किडनीच्या गाळण्या कशा बिघडतात याचे वर्णन किमेलस्टील आणि विल्सन या दोघांनी १९३६ साली केले, तेही मेलेल्या रोग्यांच्या किडन्या तपासून. जिवंत माणसाचा डोळा पाहून किडनीची शंका घेता येते, ही केवढी सोय आहे!

आता दुसऱ्या घरची गोष्ट सांगते. माझे मामा शिंदखेडा तालुक्यातले. त्यांना मधुमेह सतरा-अठरा वर्षांचा. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दिसू लागले, सगळ्यांना आनंद झाला. आतला पडदा पुढे कोणी पाहिला नाही, लघवी कोणी तपासली नाही. कोणत्या दवाखान्यात, ते सांगून आता उपयोग नाही. पुढे मामांची साखर आपोआप उतरू लागली. पूर्वी दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागे, ते कमी करत आणले तरी साखर खालीच. मधुमेह बरा झाला म्हणून मामींनी शेजारी पेढे वाटले. कोणी म्हणे जांभळाच्या बियांच्या चूर्णाचा गुण, कोणी म्हणे कारल्याच्या रसाचा.

वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. किडनी थकली की इन्सुलिन आणि साखरेच्या काही गोळ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून साखर घसरते. खाणे तेच, काम तेच आणि साखर मात्र विनाकारण उतरत चालली, तर आधी क्रिएटिनिन तपासायचे. मामांचे तपासले तेव्हा पाय सुजले होते आणि जिना चढताना दम लागत होता. आज त्यांना आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिससाठी न्यावे लागते. एका वेळेला चार तास. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतो, हे खरे. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे होता. पण कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाचे आठवड्याचे दोन दिवस जातात, ते कोणती योजना भरून देणार? मामींनी आता एक बैलजोडी विकली. पेढ्यांची आठवण कोणी काढत नाही.

आप्पांचे काय झाले ते सांगायचे राहिले. क्रिएटिनिन चांगले निघाले. घरातल्यांना हायसे वाटले, पण डॉक्टरांना नाही. किडनीचे जवळपास निम्मे काम बंद पडेपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही, असे त्यांनी सांगितले. लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र वाढलेले होते. ते क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे तीस मिलिग्रॅमच्या आत असावे लागते; आप्पांचे शंभराच्या वर होते. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा अंगमेहनतीचे भारी काम यांनीही तो आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासले. पुन्हा तेच. बीपीही चढलेले होते. मग अशी गोळी दिली की जी बीपी उतरवते आणि प्रथिनांची गळतीही कमी करते. डोळ्याला लेसरची गरज अजून लागलेली नाही. सहा महिन्यांनी पडदा पाहतात. लेसरने आजार पुढे सरकायचा थांबतो, गेलेली नजर बहुधा परत येत नाही, म्हणून तर नजर चांगली असतानाच जायचे.

घरात दोन बदल झाले. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की संध्याकाळी दुखण्याची गोळी घ्यायची आप्पांची सवय बंद झाली. दुकानातून चार-चार गोळ्या आणून खाणारे आपल्या गावात थोडे नाहीत, आणि या गोळ्या दुखऱ्या किडनीला फार वाईट. दुसरा बदल मिठाचा. पापड, बिबडे, लोणचे, शेव ताटातून गेले. कळण्याची भाकरी आणि भरीत राहिले, फक्त वरून मीठ नाही. केळी? रावेर-यावलकडची माणसे हे विचारतातच. किडनी बरीच दुबळी होऊन रक्तात पोटॅशियम वाढले तर डॉक्टर केळी बंद करतात. किडनी शाबूत असेल तर प्रश्न फक्त साखरेचा आणि किती खायची याचा. आप्पा आमच्याच बागेतले अर्धे केळ खातात, तेही रोज नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर अर्धवट ऐकून कोणी निर्धास्त राहील. डोळा स्वच्छ निघाला म्हणजे किडनी शाबूतच, असे नाही. मधुमेह असून लघवीत प्रथिने आहेत पण पडद्यावर ठिपका नाही, असे रोगीही असतात. तेव्हा डॉक्टर मुतखडा, जुने बीपी, दुखण्याच्या गोळ्या अशी दुसरी कारणे शोधतात. म्हणून दोन्ही तपासण्या लागतात. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात तो कळल्या दिवशी एकदा आणि मग दरवर्षी. लघवीला फेस येण्याची वाट पाहू नये. आणि लघवीला मुंग्या लागत नाहीत म्हणून साखर नाही, हा आपल्याकडचा समज तर सोडूनच द्या.

हा आजार शहराचा, असे म्हणण्याचे दिवसही गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशभराची पाहणी २०२३ साली छापून आली. तिच्यात मधुमेही १० कोटींच्या वर निघाले आणि खेड्यांतल्या दर शंभर मोठ्या माणसांत जवळपास नऊ.

बीपी आणि साखर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहतात. तीस वर्षांवरच्या सर्वांनी तिथे जावे. पडद्यासाठी मात्र डोळ्याचा डॉक्टरच लागतो. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा पाहिला असे होत नाही. शिबिरात मोतीबिंदू पाहिला तरी "थेंब घालून पडदा पाहिला का?" असे तोंडाने विचारा. जाताना साखरेचे, लघवीचे जुने कागद एका पिशवीत घालून न्या. थेंबांनी तीन-चार तास, कधी त्याहून जास्त, जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका. आप्पांना आम्ही एसटीने नेतो, डोक्याला रुमाल आणि सोबत पुतण्या. पुढची तारीख पोळ्याच्या आठवड्यात आहे, तेव्हा बैल धुवायला दुसरे कोणी पाहावे लागेल.