‘मूकनायक’ आणि म्यूटचं बटण

कासूच्या घरात रेंज धड येत नाही, म्हणून ऑफिसचा कॉन्फरन्स कॉल आम्ही स्टेशनच्या फलाटावरून घेतो. सुरुवातीला माईक म्यूटच. भाषेला हसतील ही धास्ती. एकदा धीर करून मुद्दा मांडला, तर इतिवृत्तात तो दुसऱ्याच्याच नावावर! १९२० साली ‘मूकनायक’ काढणाऱ्या बापाची लेकरं आम्ही, आणि गप्प?

१९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब नुसते बोलले नाहीत. रेट्टमलै श्रीनिवासन यांच्यासह अस्पृश्यांच्या मागण्यांचं लेखी निवेदनही दिलं. आम्ही तेच उचललं. मुद्दा आधी सगळ्यांना मेल करतो, आडनावासकट नाव सांगून बोलतो (पूर्वी आडनाव गिळायचो), इतिवृत्त चुकलं तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागतो.

परवा साहेबांनी विचारलं, ‘एवढं लिहिता कशाला?’ त्या वेळच्या इतिवृत्तात मुद्दा आमच्याच नावाने होता.