उभ्या गाडीचा जीर्णोद्धार

ज्या यंत्राने एके काळी एका कुटुंबाला गावोगाव हिंडविले, ते यंत्र एखाद्या पडवीत वर्षानुवर्षे निश्चल उभे असलेले पाहून मनात जी कालवाकालव होते, तिच्यात विषादाइतकाच मोहही असतो. आणि आयुष्यात प्रथमच जुनी गाडी घेऊन तिचा जीर्णोद्धार करू इच्छिणाऱ्याने या मोहाला धीराची जोड दिली नाही, तर त्याच्या हातून रक्षणाऐवजी नाशच घडतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. धावणाऱ्या गाडीची झीज होते. ती मोजता येते आणि सुटा भाग बदलून भरूनही काढता येते. उभ्या गाडीचा मात्र क्षय होतो, आणि तो पत्रा, रबर, तार, तेल अशा सर्व अंगांना एकाच वेळी, आतून ग्रासीत असतो.

मी घेतलेली गाडी १९६६ सालची फियाट अकराशे डिलाइट. तिचा मूळ आराखडा इटलीतील तूरिनचा असला, तरी ती घडली कुर्ल्यास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट अकराशे बाहेर पडू लागली. पुढची दारे उलट्या बाजूने उघडणाऱ्या त्या पहिल्या गोलसर गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ त डिलाइट आली आणि १९७४ त तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील एक पर्व समाप्त झाले. दुर्मिळ विदेशी गाडीच्या वाटेस न जाता मी हिची निवड केली, ती एवढ्याचसाठी की हिच्या १०८९ सीसी इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू ठाऊक असलेले मिस्त्री अद्याप आपल्यात आहेत आणि हिचे सुटे भाग शोधले तर अजून मिळतात. ज्या यंत्राचे जाणकार हयात आहेत, त्याचाच उद्धार नवशिक्याने हाती घ्यावा.

गाडी वाईच्या एका जुन्या वाड्यात होती. मालक वकील होते; त्यांच्या पश्चात काकूंनी ती तशीच जपली होती. पडवीचे कुलूप काढताना त्या म्हणाल्या, “ह्यांनी शेवटची लावली ती अशीच. पुढं कुणी किल्लीला हात लावला नाही.” समोरच्या खणात वकीलसाहेबांच्या रेखीव अक्षरांतली एक वही निघाली, आणि तीत वंगण बदलल्याच्या तारखांपासून टायरांच्या क्रमांकांपर्यंत सारा हिशेब टिपलेला होता. कोणत्याही रंगाने वा चकाकीने माझे मन जिंकले नसते, ते त्या वहीने जिंकले.

तरीही इसार देण्यापूर्वी मी गाडीखाली आडवा झालो. हिला वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि वरचे कवच मिळूनच हिचा सांगाडा होतो, म्हणून गंज हा येथे शोभेचा नव्हे तर आधाराचा प्रश्न असतो. पेचकसाच्या मुठीने मी पत्रा इंचाइंचाने ठोकीत गेलो. खणखणीत आवाज आला तेथे तो शाबूत होता. बद्द आवाज आला तेथे गंजाने पोखरलेला, किंवा कधीतरी लांबी भरून झाकलेला. बॅटरीखालचा पत्रा आणि चालकाच्या पायांखालची जागा गेली होती. दारांखालच्या पट्ट्या मात्र धडधाकट होत्या, आणि सौदा त्यांच्याच बळावर ठरला.

पत्र्याइतकेच महत्त्व कागदाचे. पत्र्यावर ठोकलेला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आर.सी. बुकाशी ताडून पाहावेत. मूळ मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावे करून मगच खरेदीचे हस्तांतर करावे. थकीत कर व नोंदणीचे नूतनीकरण यांचा निकाल लावून घ्यावा. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे; तीत आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक राखता येतो, परंतु अशी गाडी नित्याच्या वापरास काढता येत नाही. या सवलतीचे आणि या बंधनाचे मोल प्रत्येकाने आपल्यापुरते आधीच ठरवावे.

गाडी अशाच एका जाणत्या मिस्त्रींच्या आवारात उतरली, तेव्हा बॅटरी जोडून ती एकदा सुरू करून पाहावी, असे भोवती जमलेल्या प्रत्येकास वाटत होते. मिस्त्री मात्र म्हणाले, “साहेब, सेल्फ मारायचा नाही. आधी तेल पिऊ द्या तिला.” दीर्घकाळ उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरच्या भिंतींना चिकटून बसतात, त्या स्थितीत जोर लावला तर रिंगा तुटतात आणि भिंतींवर चरे उमटतात. चारही प्लग काढून त्यांनी प्रत्येक भोकात पातळ तेल सोडले आणि इंजिन तसेच राहू दिले. त्या अवधीत पेट्रोलची टाकी उतरली. तिच्या बुडाशी जुन्या पेट्रोलचा राळेसारखा घट्ट थर बसला होता. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे चाकांतील सिलिंडर आतून गंजले होते. ते आणि सर्व रबरी नळ्या मिस्त्रींनी नव्या घातल्या, कारण गाडी थांबेल याची तजवीज ती धावण्याच्या आधी झाली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मग एका सकाळी त्यांनी पुलीवर खडूची खूण केली, पाना लावला आणि हलका दाब दिला. खूण बोटभर सरकली. त्यांनी पाना तेवढाच मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. आणि अशा पुढेमागे करण्यात, कोठेही हिसका न देता, इंजिनाने अखेर पूर्ण फेरा घेतला.

त्या फेऱ्यात मला जीर्णोद्धाराचे सारे मर्म गवसले. वस्तूचा वेग आपण स्वीकारावयाचा असतो, आपली घाई तिच्यावर लादावयाची नसते. म्हणूनच बैठकीची जुनी शिवण आणि पूर्वीच्या हातांनी गुळगुळीत झालेले स्टीअरिंग मी तसेच राखले. गेलेला पत्रा बदलला, पण टिकलेल्या पत्र्यास केवळ नवेपणाच्या हौसेपायी हात लावला नाही.

ज्यांच्या वाड्यांत, गोठ्यांत अशा गाड्या उभ्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे की त्या भंगाराच्या भावाने वजनावर घालू नयेत. कागद वारसांच्या नावे करावेत आणि धीर धरणाऱ्या माणसाच्या हाती गाडी द्यावी. आणि पहिलीच गाडी घेऊ पाहणाऱ्यास एवढेच सांगणे आहे: आधी पत्रा पाहा, मग कागद पाहा, मग जवळपास जाणता मिस्त्री कोण आहे ते पाहा, रंगाकडे सर्वांत शेवटी पाहा.