सीट दोन बोटं वर

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. सेनगाव

वर्ल्ड कपची फायनल हरलो. गल्लीतल्या पोरांनी आणलेले फटाके तसेच राहिले.

दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवलं. सायकलनं पंजाबात घुमानला जायचंय, त्यासाठी कॅरियरच्या पिशव्या शिवतोय. सात जणांच्या चौदा. नऊ झाल्या. रेक्झिनला अठरा नंबरची सुई लागते. दोन मोडल्या.

२० नोव्हेंबर

पहाटे पाच वाजून गेले होते. पत्रे वाजले, मांडणीवरची भांडी हलली. सगळी गल्ली अंगणात. अण्णा बाजेवरून उठले नाहीत. "थांबलं ना? मग झालं."

मोबाइलवर आलं, ३.५ रिश्टर. ही दिवसभर बोलली नाही.

२१ नोव्हेंबर

सायकल मिस्त्रीकडे. नवी चेन, नवे ब्रेक, मागच्या चाकाचे तीन आरे. सीट खाली करून घेतली. रस्त्यावर ट्रक अंगावर येतात. दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर राहतो. मिस्त्री म्हणाला, "एवढी खाली?" मी म्हणालो, "एवढीच." त्याने नट आवळला.

सात जण : गुरुजी (रिटायर होऊन चार वर्षं), मिस्त्री, मेडिकलवाला, आजेगावचे दोघे भाऊ, माझा भाचा, मी. सामानाला छोटा हत्ती. चालवणारा आठवा. त्याने सांगून ठेवलंय, ज्याला जमणार नाही त्याने लाजायचं नाही, सरळ गाडीत बसायचं.

२२ नोव्हेंबर

अण्णांचा रुमाला पुरा झाला. घुमानच्या दरबारात ग्रंथसाहेबावर घालायला. केशरी साटीन, कडेला जरीची पट्टी. नांदेडला गुरुद्वाऱ्यापाशी तयार मिळतो, अण्णांना विकतचा नको होता. महिनाभर खिडकीपाशी बसून हातानं तुरपाई केली.

२०१५ला घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा त्यांनी जायचं नक्की केलं होतं. पैसे बाजूला काढले होते. त्याच मार्चमध्ये माझं ऑपरेशन निघालं. त्या पैशांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही.

रात्री रुमाला उलटून पाहिला. एका कडेला टाके वाकडे गेलेत, एकदोन सुटलेत. मोतीबिंदूच्या बाजूचे. उसवून परत घालावे वाटलं. सुईत दोरा ओवला. सुई परत डबीत ठेवली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार. कार्तिकी एकादशी

पहाटे निघालो. थंडी. तूर फुलोऱ्यात, मध्ये मध्ये पांढरा कापूस. नरसीला गर्दी. आज नामदेव महाराजांची जयंती. १२७० चा जन्म, म्हणजे ७५३ वर्षं. कयाधूच्या काठी उभं राहून गुरुजी म्हणाले, इथून निघालेला माणूस पंजाबात जाऊन राहिला. ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदं आहेत. शीख लोक रोज वाचतात. आपल्या पोरांना माहीत नाही. बोलता बोलता गुरुजींचा गळा भरून आला.

अण्णांचा शब्द आठवला : शिंप्याच्या घरातून निघालं की सुई बरोबर पाहिजे. डबी खिशात आहे.

मुक्काम हिंगोली. भगर, शेंगदाण्याची आमटी.

२४ नोव्हेंबर. वाशीम

कनेरगाव नाक्याला पैनगंगा ओलांडली. पलीकडे विदर्भ. दोघा भावांतल्या थोरल्यानं पुलावर सायकल थांबवून पाण्याला हात जोडले.

भाचा सारखा पुढे जातो. दोन किलोमीटरवर झाडाखाली बसलेला सापडतो. आपण पोचलो की हा उठतो. ज्याला विश्रांती लागते त्याला मिळत नाही. आज बोललो नाही.

उजवा गुडघा, वाटीच्या खाली. थोडंसं.

२५ नोव्हेंबर. पातूर

मालेगाव, मेडशी, मग घाट. उताराचा घाट म्हणून खुशीत होतो, पण त्याच्या आधीचे चढ मोजले नव्हते. ट्रक. सगळे ओळीनं, पांढऱ्या पट्टीच्या आत. मी शेवटी. छोटा हत्ती माझ्या मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये. त्याचं इंजिन ऐकत चढलो. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मागे पाहिलं नाही.

गुडघ्याला बाम लावला. बाकीचे जेवायला गेल्यावर.

चाळीस वर्षं पायमशीन मारलं. पाय पक्के, असं सगळ्यांना सांगत आलो.

२६ नोव्हेंबर, रविवार. शेगाव

बाळापूरवरून आलो. दुपारीच आभाळ काळं. भक्तनिवासात जागा मिळाली. रात्री पाऊस. नोव्हेंबरचा नाही वाटत, मृगाचा वाटतो. विजा.

उठून पिशवी पाहिली. रुमाला कोरडा. तरी बाहेरून आणखी एक प्लॅस्टिक गुंडाळलं.

२७ नोव्हेंबर. शेगाव

थांबलो. पाऊस.

सगळे फोनवर. नाशकाकडे गारा. आपल्याकडेही रात्रभर. आजेगावला कापूस बोंडात भिजला. तुरीचा फुलोरा झडला. आधीच ऑगस्ट कोरडा गेला होता, सोयाबीन हातचं गेलंच होतं, आता हे. धाकटा भाऊ भक्तनिवासाच्या पायरीवर बसून होता. कुणी काही बोलेना. गुरुजी त्याच्या शेजारी जाऊन बसले, तेवढंच.

संध्याकाळी ठरलं. धाकटा रेल्वेनं अकोला, तिथून हिंगोली. थोरल्यानं पुढे जायचं. दोघांची वादावादी नाही. धाकट्यानं पंप आणि सोल्यूशनची ट्यूब थोरल्याकडे दिली. म्हणाला, "खांडव्याला गाठतो, नाही जमलं तर इंदूरला." त्याची सायकल छोट्या हत्तीत आडवी घातली. तिच्यावर मी शिवलेल्या दोन्ही पिशव्या.

मलाही वाटलं. त्याच गाडीनं. गुडघ्याचं नाव सांगायचं नाही, घरचं काही सांगायचं. अर्धा तास वाटत राहिलं.

पौर्णिमा. ढगात चंद्र दिसला नाही. पंजाबात आज गुरू नानक जयंती.

२८ नोव्हेंबर. मलकापूर

पाऊस उघडला. नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती लांबूनच दिसायला लागतो. जवळ येता येत नाही. मुंबई–कोलकाता रस्ता, कंटेनर गेला की सायकल आपोआप कडेला ओढली जाते. डावा पाय पुन्हा पुन्हा टेकवला.

भाच्याला बोललो. जास्त बोललो. सगळ्यांसमोर. तो गप्प. दिवसभर माझ्या मागे चालवली. ते जास्त लागलं.

रात्री धाब्यावर टीव्ही. उत्तरकाशीच्या बोगद्यातले ४१ मजूर बाहेर आले. सतरा दिवस. मशीन मोडल्यावर शेवटचं खोदकाम माणसांनी हातानं केलं. धाब्यातला प्रत्येक माणूस उभा. आचारी झारा हातात घेऊन. थोरला भाऊ रडत होता. मीही.

२९ नोव्हेंबर. मुक्ताईनगर

जवळचाच टप्पा. तीनदा उतरलो.

कोथळीला मुक्ताबाईचं जुनं देऊळ. दर आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. दुपारी सभामंडपात बसलो. गुरुजींनी गोरोबाकाकांच्या थापट्याची गोष्ट सांगितली. सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटं मारून पाहिलं, कोण पक्कं, कोण कच्चं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. मडकं कच्चं ठरलं. मग ते आपल्या औंढ्याला गेले, विसोबांकडे. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. अण्णा सांगताना एवढं मात्र नेहमी म्हणायचे, नामदेवांनी ही गोष्ट लपवली नाही.

गोष्ट संपली. मी सांगून टाकलं. गुडघा. वाशीमपासून.

मेडिकलवाला चिडला, गोळ्या माझ्याजवळ आणि तू बाम चोळतोस? भाचा म्हणाला, "मामा, म्हणून तुम्ही काल…" पुढे बोलला नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मिस्त्री काहीच बोलला नाही. पाना घेऊन आला. मला सीटवर बसवलं, भाच्याला सायकल धरायला लावली. पायडल खाली, त्यावर टाच. "पाय सरळ होतो का? नाही ना. गुडघा मुडपूनच दाब देता तुम्ही. चार दिवस गुडघ्यावरच सगळा भार." मग म्हणाला, "मला त्याच दिवशी दिसलं होतं. बोलायला पाहिजे होतं."

सीट दोन बोटं वर. आता पाय टेकत नाहीत. चवडे तेवढे.

देवळाभोवती फेऱ्या मारल्या. पाच. भाचा बाजूनं पळत.

३० नोव्हेंबर, गुरुवार. बऱ्हाणपूर

रात्री झोप नाही. सकाळी पहिला ट्रक आला तेव्हा दोन्ही हात घट्ट. पाय खाली गेला, जमीन नव्हती. चालवत राहिलो. अंतुर्ली. मग पाट्या हिंदीत. इच्छापूरला देवीच्या डोंगराखाली चहा. मध्य प्रदेशात मतदान होऊन गेलंय, रविवारी मोजणी. टपरीवर तीच चर्चा.

दुखणं गेलं नाही. जागा बदलली. मांड्या भरल्यात. मिस्त्री म्हणतो, हे चांगलं दुखणं.

भाच्यानं आज पुढे जाऊन झाड गाठलं. मी पोचल्यावर उठला नाही. पाण्याची बाटली दिली. दहा मिनिटं बसलो दोघं.

मुक्काम गुरुद्वाऱ्यात, बडी संगत. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना या गावी थांबले होते. ते ज्या मुलखातून आमच्याकडे आले, त्याच मुलखातून आम्ही उलटे चाललोय. लंगरमध्ये पोळ्या लाटल्या. म्हाताऱ्या सेवादारांनी विचारलं, कहाँ से? नरसी म्हटल्यावर ते थांबले. "भगत नामदेव जी?" मी मान हलवली.

मग रुमाला काढला. फक्त मापाचं विचारायला. डोकं झाकून, हात धुऊन त्यांनी तो पांढऱ्या चादरीवर पसरला. कडेवरून बोट फिरवत गेले. वाकड्या टाक्यांवर बोट थांबलं.

"किसने सिया?"

"पिताजी ने. उमर चौऱ्यांशी."

त्यांनी स्वतः घडी घातली. माझ्यापेक्षा नीट. कपाळाला लावून परत दिली.

रात्री अण्णांना फोन.

"माप बरोबर आहे, अण्णा."

"कोण म्हणालं?"

सगळं सांगितलं. टाक्यांचं सोडून. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग : "आणि कडेची तुरपाई? त्या बाजूची? दिसली असंल त्यांना."

"दिसली."

"बरं." मग म्हणाले, "पाऊस उघडलाय इकडं. धाकटा आला होता भेटायला. शनिवारी निघतो म्हणतो."

तीनशे किलोमीटर झाले. उद्या असीरगडाचा चढ. मिस्त्री सीट आणखी एक बोट वर घेऊ म्हणतो. घेऊ.