न बोलावता येणारी आशाताई

भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर म्हटलं की बाहेरच्यांना आयुध निर्माणी आठवते. तिथल्या कामगारांसाठी वसाहतीत हॉस्पिटल आहे. आम्ही राहतो वसाहतीबाहेर, ठाणा गावाकडच्या वस्तीत. इथे शेतकरी आहेत, ठेकेदाराकडे जाणारे मजूर आहेत, छोटे दुकानदार आहेत. आमच्याकडे कुणी बाळंतीण झाली की आरोग्यखात्याचं पहिलं माणूस दारात येतं ते म्हणजे आशाताई.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा ऐन थंडी होती. बाळ दोन किलोला जेमतेम वर. दवाखान्यातून घरी आणलं आणि तिसऱ्या दिवसाच्या फेऱ्याला आशाताई हजर. आम्ही निरोपही धाडला नव्हता.

तिचं काम मी जवळ बसून पाहिलं. आधी साबणाने हात धुतले. पदराला पुसले नाहीत, तसेच वाळू दिले. बाळाच्या काखेत थर्मामीटर लावलं. मग त्याला झोळीत घालून काट्याला टांगलं. शेवटी दुपटं बाजूला करून, मनगटावरचं घड्याळ बघत, पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. श्वास 60 किंवा त्याहून जास्त भरले तर बाळाला धोका असतो. मध्येच बाळ हललं, रडलं, तर ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

"काकू, पाय थंड हायेत पोराचे. आंघोळ नका घालू, नुसतं पुसून घ्या. टोपी, मोजे घाला आन् आईच्या छातीशी ठेवा त्याले."

सासूबाईंना हे पटणारं नव्हतं. त्यांनी घुटी उगाळायला घेतली होती, शेगडीवर धुरीची तयारी होती. आशाताईने वाद घातला नाही. त्यांच्याजवळ खाली बसली, त्यांच्या काळातली बाळंतपणं विचारली, किती लेकरं दगावली तेही विचारलं. सासूबाई बराच वेळ बोलत राहिल्या. उठताना ती एवढंच म्हणाली, "आजी, याचं वजन भरू द्या. तोवर आईचं दूधच द्या." घुटीची सहाण फडताळात गेली.

पुढे एका संध्याकाळी, फेऱ्याचा दिवस नसताना, ती सहज डोकावली. बाळ दिवसभर नीट प्यायलं नव्हतं. तिने श्वास मोजले, पुन्हा मोजले आणि 102 च्या रुग्णवाहिकेला फोन लावला. मुलगी भंडाऱ्याला न्यायला तयार होईना. त्यात तिचं काय चुकलं? 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. आमच्या भागातली कोणतीही आई ते विसरलेली नाही. आशाताईने समजूत घालायला मोठी भाषणं केली नाहीत. "मी येतो ना संगं," म्हणाली आणि गाडीत बसली. बाळ भरती होऊन औषध सुरू होईपर्यंत ती तिथून हलली नाही. पुढे बाळ बरं होऊन घरी आलं.

आशाताईच्या या घरोघरच्या फेऱ्यांचं मूळ आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, नवजात बाळांची काळजी घरीच घ्यायला लावली. 39 गावांतल्या त्या कामाने नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. 2011 पासून देशभरातल्या आशा हे काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा फेरे: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस.

या सगळ्या फेऱ्यांचे मिळून आशाताईला मिळतात 250 रुपये. तेही केव्हा? जन्माचं वजन नोंदलेलं हवं, लसी दिलेल्या हव्यात, जन्मनोंदणी झालेली हवी आणि आई-बाळ 42 दिवस सुखरूप हवेत. एखाद्या घरचं बाळ गेलं, तर या अटीने तोवरच्या फेऱ्यांचंही तिच्या हाती काही लागत नाही. ही अट मला कळली तेव्हा फार वाईट वाटलं. आमच्याकडच्या त्या संध्याकाळचा आणि भंडाऱ्यातल्या रात्रीचा तर कुठे हिशेबच नाही. बाकी गरोदर बायांची नोंद, क्षयाच्या रुग्णाला गोळ्या, सिकलसेलच्या तपासणीला माणसं नेणं, कुठलाही सर्व्हे निघाला की घरोघर फिरणं हे असतंच.

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं, 2024 च्या फेब्रुवारीत त्या आझाद मैदानात बसून होत्या. मार्चमध्ये मानधनात 5000 रुपयांची वाढ झाली. पण त्या अजूनही 'स्वयंसेविका'च आहेत. संध्याकाळी बाळाचे श्वास मोजून रात्र दवाखान्यात काढणाऱ्या बाईला सरकारने कायम नोकरी आणि महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा, ही माझी मागणी आहे, आणि आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घराने ती ग्रामसभेत मांडावी.