चुडा भरलेला हात

नोकरीच्या निमित्ताने बंगळूरास आलो आणि आमच्या जुन्या छंदाला येथे शिळांची वाण पडली नाही. आपला वीरगळ तो येथला 'वीरगल्लू'. आपला सतीचा दगड तो 'मास्तीकल्लू', म्हणजे महासतीची शिळा. खांबातून पुढे आलेला, कोपरात दुमडून उभारलेला हात, मनगटात बांगड्या, वर चंद्रसूर्य. पुष्कळ शिळांवर अक्षर एकही नसते.

पाहुण्यांना आम्ही हे चिन्ह मोठ्या झोकात वाचून दाखवीत असू. चुडा अभंग, म्हणजे बाई अहेवपणी गेली; चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतो तिची कीर्ती; उभारलेला हात, म्हणजे आशीर्वाद. एकदा शहराबाहेरच्या खेड्यात हा पाठ रंगात आला असता आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "पण हिचं नाव काय हो?" आम्ही निरुत्तर झालो.

पुढे शासकीय संग्रहालयात आतकूरची शिळा पाहिली. ती इ. स. ९४९-५० ची. तक्कोलमच्या लढाईत चोळ राजादित्य पडला. त्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेराने गंग राजा बूतुगाकडे बक्षीस म्हणून एक शिकारी कुत्रे मागितले. ते रानडुकराशी झुंजले व दोघेही मेली. त्या कुत्र्याचे नाव 'काळी'. हजार वर्षांनंतरही ते दगडावर वाचता येते.

स्त्रियांची नावे कोरलीच नाहीत, असे मात्र नव्हे. बेलतूरच्या १०५७ सालच्या लेखात देकब्बेची हकीकत आहे. चोळ राजाने तिच्या पतीचा तळकाड येथे वध करविला. आईबाप विनवीत असता, त्यांचे न ऐकता, ती अग्नीत शिरली. लेख असा बोलका आहे. पण तोही मागे राहिलेल्यांनीच लिहविलेला. मग ज्या शिळेवर अक्षरच नाही, तेथे तो हात आशीर्वाद देतो, की कुणाला थांबा म्हणतो, हे आम्ही कोणत्या अधिकाराने सांगत होतो?

पाहुणे अजूनही येतात. चुडा आणि चंद्रसूर्य आम्ही समजावून सांगतो. हातापाशी आलो की गप्प होतो. सौभाग्यवती तेवढ्यात पदराने शिळेवरची धूळ पुसून घेतात.