दादाची गाडी

दर महिन्याला दादा आणि आई पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला जायचे. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना भेटायचं, रिस्पेरिडोनच्या पट्ट्या घ्यायच्या, संध्याकाळी परत. सात वर्षं हेच. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. ‘उद्या दादाची गाडी आहे’ एवढंच म्हणायचो.

मार्च २०२०मध्ये ती गाडी बंद झाली.

एप्रिलमध्ये शेवटची पट्टी संपली. आधी त्याची झोप गेली. मग टीव्हीवरचे लोक आपल्याबद्दलच बोलतायत, असं तो म्हणू लागला. तेव्हा सगळं गावच दारं लावून बसलं होतं, त्यामुळे त्याची भीती कुणाला वेगळी वाटेना. शेजारच्या काकूंनी सुचवलं म्हणून आईने देवाला गाऱ्हाणं घातलं. मी पुण्याहून घरी आलेली, सायकॉलॉजी शिकणारी. मी काय केलं? एका रात्री तो अंधारात निघून गेला. कसाबसा शोधून आणला. त्यानंतर पाच रात्री मी त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावली.

मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या नोंदी घेत आशाताई आमच्याकडे आल्या. त्यांनी कडी पाहिली. काही बोलल्या नाहीत. फक्त जुना केसपेपर मागितला आणि त्याचा फोटो काढला. दोन दिवसांनी डॉक्टरांचा निरोप आला. रेंज फक्त वर सड्यावर, म्हणून दादाला तिथे नेलं आणि भर उन्हात व्हिडिओ कॉल केला. औषधं आरोग्य केंद्राच्या गाडीतून आली. फोनवरून तपासून औषध लिहून देण्याचे केंद्राचे नियम २५ मार्चलाच निघाले होते, लॉकडाउन लागला त्याच दिवशी. आम्हाला ते ठाऊकच नव्हतं.

ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस आहे. १४४१६ फिरवला की कुणीतरी ऐकतं. ते हवंच होतं. पण गोळी फोनमधून येत नाही. ती कुणालातरी गावापर्यंत आणावी लागते.

मागच्या गणपतीत दादा सहज म्हणाला, “तू कडी लावायचीस ना, तेव्हा मी जागा असायचो.”

मला काही बोलता आलं नाही. त्याने डबा उघडून पट्ट्या मोजायला माझ्यासमोर ठेवल्या. पंधरा दिवसांच्या जास्त होत्या.